म्युनिकमध्ये दोघांसाठी भाड्याचं घर: अर्जांना उत्तर का येत नाही आणि कुठे शोधावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी तुमची, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना), म्युनिकला लागून असलेल्या नॉयबिबर्गच्या कॅम्पसमध्ये. नवरा जोडीदाराच्या व्हिसावर आलेत आणि काम शोधतायत. सध्या फर्निश्ड अपार्टमेंटमध्ये राहताय, ते महागात पडतंय. ढीगभर अर्ज केले, पण घर बघायला बोलावणं जेमतेम एक-दोनदा आलं. तुम्हाला ऑफिसच्या जवळ घर हवंय, त्यांना शहरात. त्यात एकाने माळ्यावरचं छोटं घर स्वस्तात देऊ केलंय, पण त्या पत्त्यावर नोंदणी करायची नाही या अटीवर. बजेट वाढवावं का, ते माळ्यावरचं घ्यावं का, आणि दोघांपैकी कोणाचं ऐकावं?

इथे नव्याने येणाऱ्या कुटुंबांना घर मिळवून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माळ्यावरचं घर. त्याला आजच नाही म्हणून टाका. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते, आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. तो नसेल तर कंपनी सर्वांत चढ्या दराने, सहाव्या वर्गात, कर कापू शकते. मग घरभाड्यात वाचवलेले पैसे पगारातून गेले. शिवाय म्युनिकमध्ये नोंदणी आणि परदेशी नागरिकांचं कार्यालय ही दोन्ही कामं एकाच खात्याकडे, केव्हीआरकडे आहेत, म्हणजे नोंदणीतली गडबड निवास परवान्याच्या वेळी आड येऊ शकते. नोंदणी नको म्हणणारा बहुतेक वेळा स्वतःच भाडेकरू असतो आणि मूळ मालकाला न सांगता पोटभाडेकरू ठेवत असतो. मालकाला कळलं की त्याच्याबरोबर तुम्हीही रस्त्यावर. ‘नोंदणी माझ्या पत्त्यावर करून टाका, राहा कुठेही’ असं एखादा मित्र सांगेल, तेही नको. खोट्या नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याला बिचाऱ्याला ते ठाऊक नसतं.

आता अर्जांना उत्तर का येत नाही. तत्काळ तिकिटाची खिडकी उघडल्यावर जे होतं तेच इथे जाहिरात पडल्यावर होतं. चांगल्या दोन खोल्यांच्या घराला तासाभरात शेकड्याने निरोप जातात आणि मालक बऱ्याचदा जाहिरात खाली उतरवतो. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर निवांत बसून पाठवलेला अर्ज कोणी उघडतही नाही. तेव्हा पोर्टलवर शोध जतन करा, सूचना चालू ठेवा, आणि हे काम दिवसा नवऱ्याने करावं. ते घरी आहेत, ही तुमच्या दोघांची या बाजारातली सर्वांत मोठी ताकद आहे.

निरोप जर्मनमध्ये हवा. तुमचा नमुना मी वाचला. त्यात अर्धा भाग ‘आम्ही नुकतेच भारतातून आलो आहोत आणि आम्हाला घराची खूप गरज आहे’ यात गेलाय. गरज सगळ्यांनाच असते. मालकाला जाणून घ्यायचं असतं की भाडं दर महिन्याला येईल का, घर नीट ठेवतील का आणि वर्षभरात सोडून तर जाणार नाहीत ना. म्हणून सहा-सात ओळींत एवढंच लिहा: आम्ही दोघं, विवाहित, वयं अमुक. मी अमुक कंपनीत कायम करारावर, हातात येणारा पगार इतका. नवरा मेकॅनिकल इंजिनियर, काम करण्याची पूर्ण मुभा आहे, जर्मनचा वर्ग सुरू आहे. धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाही. अमुक तारखेपासून येऊ शकतो, दीर्घकाळ राहायचा विचार आहे, सर्व कागद तयार आहेत. आणि जाहिरातीतलीच एखादी गोष्ट धरून एक वाक्य, म्हणजे ती वाचलीये हे दिसतं. पेटी किंवा तबला वाजवत असाल तर पहिल्या निरोपात त्याची आरती ओवाळू नका.

नवऱ्याची नोकरी नाही हे लपवू नका, पण ‘बेरोजगार’ असंही लिहू नका. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला इथे पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, हे कित्येक मालकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं की हा माणूस कायम घरीच बसणार. ‘काम करण्याची पूर्ण मुभा आहे’ हे वाक्य म्हणूनच हवं.

कागदांची एकच पीडीएफ करून ठेवा: नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपत्रिका, दोघांचे पासपोर्ट आणि निवास परवाने, भाडेकरूने स्वतःची माहिती भरून द्यायचा अर्ज, आणि शूफा. शूफा म्हणजे इथला पतअहवाल. तुम्हाला येऊन जेमतेम दोन महिने झालेत, त्यामुळे त्यात फारसं काही नसणार, पण ‘वाईट काही नाही’ हेही मालकाला पुरतं. भारतातला सिबिल स्कोअर इथे कोणी विचारत नाही. पगारपत्रिका अजून तीन झाल्या नसतील तर एचआरकडून लेटरहेडवर एक पत्र घ्या. तुमचा सहा महिन्यांचा प्रोबेशन अजून संपलेला नाही, ही खरी अडचण आहे. काही मालक तेवढ्यावरूनच अर्ज बाजूला ठेवतात. अशा वेळी कंपनीचं पत्र जे काम करतं ते वाढीव बजेट करत नाही. कंपनीच्या अंतर्गत नोटीसबोर्डावरही रोज नजर टाका. घर सोडणारे सहकारी तिथे आधी टाकतात, आणि ‘माझी कलीग आहे’ या एका शब्दाला म्युनिकच्या मालकांकडे मोठं वजन आहे. मराठी मंडळींच्या गटांतही तेच. परत पुण्याला किंवा दुसऱ्या शहरात निघालेलं कुटुंब आपल्या जागी कोणी सुचवू शकतं. अंतिम निर्णय मालकाचाच, पण निदान तुमचा कागद ढिगाच्या वर येतो.

बजेटबद्दल. अलिखित नियम असा की हातात येणारा पगार भाड्याच्या तिप्पट तरी हवा. इथल्या जाहिरातीत दोन आकडे असतात: नुसतं भाडं म्हणजे काल्टमीटे, आणि त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई मिळवून वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट याच्या बाहेर. समजा ५५ चौरस मीटरचं घर २२ युरो दराने आहे. काल्ट १,२१० झालं. वरखर्च २२० धरला तर वार्म १,४३०, आणि तिप्पट म्हणजे ४,२९०. एवढा पगार एकटीचा असेल तर बजेट ठीक आहे. नसेल तर आकडा वाढवून उपयोग नाही, कारण त्या रांगेत तुमचा अर्ज आणखी मागे जाईल. ५५ चौरस मीटर म्हणजे साधारण ५९० चौरस फूट, आणि तेही कार्पेट. इथे सुपर बिल्टअपचा खेळ नाही, बाल्कनीसुद्धा बहुधा चौथा हिस्साच मोजतात. खोल्या मोजताना किचन-बाथरूम धरत नाहीत, त्यामुळे ‘दोन खोल्या’ म्हणजे आपला वन बीएचके. तुम्ही ‘एक खोली’च्या जाहिरातींनाही अर्ज केलेत. ते स्टुडिओ झालं, आणि दोघांसाठी म्हटल्यावर मालक नाही म्हणणारच. तुमचे कितीतरी अर्ज तिथेच वाया गेले असणार.

शहराच्या २०२५च्या मीटश्पीगलमध्ये, म्हणजे अधिकृत भाडेतक्त्यात, सरासरी दर चौरस मीटरला १५.३८ युरो आहे. मग २२ कसे, असं तुम्ही विचाराल. त्या सरासरीत जुने भाडेकरूही आहेत. नव्याने निघणारी घरं वीसच्या वर असतात. नव्या करारात तक्त्याच्या दरापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घेऊ नये असा कायदा इथे लागू आहे, पण १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या घरांना तो लागत नाही, आणि फर्निचर घालून दर वाढवणाऱ्यांचं फावतं. घर मिळाल्यावर, नीट बसल्यावर, ‘मीटरफराइन म्युन्शन’ या भाडेकरू संघाचे सभासद व्हा आणि भाडं तपासून घ्या. बघायला गेल्यावर हा विषय काढू नका.

आता कोणाचं ऐकावं. माझं मत स्पष्ट आहे: जो दिवसभर घरी असतो त्याचं. नोकरी करणाऱ्याला ऑफिसात माणसं भेटतात, कँटीन असतं, जाण्यायेण्याचा ठरलेला वेळ असतो. घरी असणाऱ्याचा दिवस मात्र घराच्या दारापासून कुठे चालत जाता येतं यावर ठरतो. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि रविवारी दुकानं बंद असतात. ऑफिसपासून सायकलच्या अंतरावर, छान बाग असलेलं, पण आजूबाजूला एक बेकरी आणि एक बसस्टॉप एवढंच असलेलं घर घेऊन पहिल्या हिवाळ्यातच मेटाकुटीला आलेली जोडपी मी पाहिली आहेत. भांडण घरावरून होत नाही, भलत्याच गोष्टीवरून होतं, मूळ मात्र तेच असतं. नवऱ्यांना जर्मनचे वर्ग, मुलाखती, ओळखी, सगळं शहरात आहे. नोकरी लागली तर ती उत्तरेला बीएमडब्ल्यूच्या बाजूला लागेल की गार्खिंगला, हेही आज सांगता येत नाही.

तरीही शहरात म्हणजे श्वाबिंगसारख्या महागड्या भागातच असं नाही. नकाशा काढून एस-३ या लोकल गाडीची, म्हणजे एस-बानची, रेघ बघा. तुमच्या कॅम्पसचं स्टेशन फाझानेनपार्क. तिथून शहराकडे दोनच स्टेशनं आलात की गीझिंग. तिथे एस-बान आणि यू-२ ही मेट्रो, म्हणजे यू-बान, दोन्ही आहेत. यू-२ थेट शहराच्या मध्यात झेंडलिंगर टोर आणि मुख्य स्टेशनला जाते. एस-बानची मध्यवर्ती मार्गिका वरचेवर बिघडते आणि त्याचे हिसके एस-३लाही बसतात, पण तेव्हा नवऱ्यांना यू-बान हाताशी असते, तुम्हाला सायकल. गीझिंग पूर्वी कामगारवस्ती होती, अजूनही थोडी खरखरीत आहे, ट्रॅफिकही आहे. पण बाजार, तुर्की भाजीवाले, दवाखाने सगळं चालत. दुसरा पर्याय नॉयपेरलाख. उंच इमारती बघून तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण यू-५ आहे, मोठं शॉपिंग सेंटर आहे, झाडं भरपूर आहेत, आणि सत्तरच्या दशकातली घरं आतून ऐसपैस निघतात. मराठी माणसं तिथे तुम्हाला लिफ्टमध्ये भेटतील. उंटरहाखिंग आणि ताउफकिर्खन तुमच्या ऑफिसला सोयीचे आहेत, पण भाडं वाटतं तितकं कमी नाही, आणि एस-बान वीस मिनिटांनी येते. होल्त्सकिर्खनसारखं अगदी टोकाला जाऊ नका. प्रवासाच्या पासाचं गणित यात आणू नका, डॉइचलांड-टिकेट सगळीकडे चालतं, २०२६च्या जानेवारीपासून त्याचे महिन्याला ६३ युरो आहेत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात शोध आला तर धीर धरा. ऑक्टोबरफेस्टमुळे तात्पुरत्या जागांचे दर चढतात आणि त्याच सुमारास विद्यापीठांचं सत्र सुरू होतं.

घर बघायला जाताना दोघंही जा. मित्राला नेऊ नका. पाच मिनिटं आधी पोचा, पण बेल वेळेवरच वाजवा. बऱ्याचदा जिन्यात वीस-एक लोक उभे असतात आणि एकेका जोडीला दहा मिनिटं मिळतात. ‘आम्ही दोघं बोलून उद्या कळवतो’ म्हणालात की घर गेलं. म्हणून कशावर अडायचं हे घरून ठरवून जा: लिफ्ट हवीच का, बाथरूमला खिडकी नसली तर चालेल का, तळमजला चालेल का. वास्तू बघणार असाल तर तेही आधीच मिटवा. दिशेचं म्हणाल तर माझा एकच आग्रह: फक्त उत्तरेकडे खिडक्या असलेलं घर नको, हिवाळ्यात ऊन दिसणार नाही. आणि ‘थोडं कमी होईल का?’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. इथे घासाघीस होत नाही, फक्त मत वाईट होतं.

काही प्रश्न मात्र जरूर विचारा. किचन घरासोबत आहे की आधीच्या भाडेकरूचं आहे? जर्मनीत कित्येक घरं ओटा-सिंकही नसलेली, रिकामी मिळतात, किंवा जाणारा भाडेकरू आपलं किचन तुम्हाला विकत देतो. दहा वर्षं जुन्या कपाटांचे चार हजार युरो मागितले तर निमूट मान्य करू नका, अवाजवी किंमत कायद्यात बसत नाही. स्वयंपाकघरात चिमणी बाहेर हवा टाकते की नुसती फिरवते हेही बघा. कारण फोडणी-भाताची वाफ, बंद खिडक्या आणि थंड भिंत यांचा संगम झाला की कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि मालक म्हणतो की तुम्ही खिडक्या उघडत नाही. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, कडाक्याच्या थंडीतही. आत्ता बघताना कपाटामागचे आणि खिडकीखालचे कोपरे पाहा. नुकताच पांढरा रंग मारलेला एकच कोपरा दिसला तर कारण विचारा.

मालकाने काही विचारलं तर पगार आणि नोकरीबद्दल खरं सांगा. ‘मूल कधी?’ हा प्रश्न मात्र त्याला विचारता येत नाही. हसून ‘सध्या काही विचार नाही’ म्हणा, खरं असो वा नसो. ते उत्तर पुढे तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही.

फसवणूक ओळखणं सोपं आहे. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, आधी डिपॉझिट भरा, घर बाजारभावाच्या मानाने फारच स्वस्त. असं दिसलं की उत्तरही देऊ नका. घर पाहिल्याशिवाय आणि करार झाल्याशिवाय एक सेंटही जाता कामा नये. पासपोर्टच्या प्रतीही पहिल्या निरोपासोबत पाठवू नका. मालकाने नेमलेला एजंट असेल तर दलाली मालकाची, २०१५ पासून तसा कायदाच आहे.

करार आला की दोघांची नावं त्यात आहेत ना बघा. जोडीदाराला राहायला न घेण्याचा हक्क मालकाला नाही, पण नाव करारात असलं की दोघांचाही घरावर हक्क राहतो. तसंच भाड्याची जबाबदारीही दोघांची, आणि सोडताना दोघांची सही लागते. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, म्हणजे वरच्या उदाहरणात ३,६३० युरो, आणि ते तीन सारख्या मासिक हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. भाडं कसं वाढणार ते वाचा. इंडेक्स करारात ते महागाईबरोबर चढतं, श्टाफल करारात आधीच ठरलेल्या पायऱ्यांनी. साध्या करारात म्युनिकमध्ये तीन वर्षांत १५ टक्क्यांची मर्यादा आहे. माझी पसंती साध्याला, पण त्या एका कारणासाठी घर सोडा असं म्हणणार नाही. ‘इतकी वर्षं घर सोडता येणार नाही’ असं कलम असेल तर तिथे मात्र थांबा. तुमचा प्रोबेशन चालू आहे, नवऱ्यांची नोकरी कुठल्या शहरात लागेल ठाऊक नाही. एक वर्ष ठीक, त्यापुढे नको. ते कलम नसेल तर तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही सहीच्या कागदावर. ईमेल चालत नाही.

किल्ली घेताना दोन्ही बाजूंच्या सहीचा कागद करा. प्रत्येक ओरखडा, मीटरचे आकडे, किल्ल्या किती मिळाल्या, सगळं लिहा, फोटो काढा. बऱ्याचदा सर्व इमारतीची एकत्र कुलूपव्यवस्था असते, त्यामुळे एक किल्ली हरवली तर खर्च मोठा येऊ शकतो. दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, घ्या, दोघांचा एकत्र मिळतो, आणि त्यात किल्ली हरवणं धरलंय का ते बघा.

त्याच दिवशी करायचं आणखी एक काम: बेलवर आणि पत्रपेटीवर दोघांची आडनावं. इथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेट्यांवरची नावं वाचतो, आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. लग्नानंतर तुम्ही आडनाव बदललेलं नाही, म्हणजे एकाच्याच नावाची पाटी लावली तर दुसऱ्याचा कर क्रमांक, बँकेचा पिन, निवास परवान्याची पत्रं सगळी परतीच्या वाटेला. पितळी पाटी यायला वेळ लागेल, तोवर कागदावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवा. आत्ताच्या फर्निश्ड जागेतही हे केलंय का, आज खाली जाऊन बघा.

नोंदणीनंतर काही आठवड्यांनी दोघांच्या नावे वेगवेगळं पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही हे कारण चालत नाही. पण ही वर्गणी माणशी नसून घराला एकच असते. एकाने भरा, आणि दुसऱ्याच्या पत्राला उत्तर देताना पहिल्याचा खातेक्रमांक लिहून पाठवा.